भुकेल्यांनी येऊ नये

खाद्यमहोत्सवाला लोक खायला जातात, असा एक सार्वत्रिक गैरसमज आहे. खरी भूक लागलेला माणूस शहाणा असतो. तो कोपऱ्यावरच्या हॉटेलात शिरतो, 'एक राइस प्लेट' म्हणतो आणि पंधराव्या मिनिटाला बडीशेप चघळत बाहेर पडतो. गाडी लावायला अर्धा तास, कुपनाच्या रांगेत वीस मिनिटं, वड्यांच्या रांगेत पाऊण तास, आणि ताट हातात आल्यावर खुर्ची नाही म्हणून एका हातात सागोतीचा द्रोण, दुसऱ्या हातात सोलकढीचा ग्लास, काखेत बायकोची पर्स अशा अवस्थेत उभ्याने हाड चोखायचं, हे भुकेचं काम नव्हे. एवढा खटाटोप माणूस पोटासाठी करत नाही. त्याला दुसरं काहीतरी हवं असतं.

काय हवं असतं, हे बघण्याचा मला छंद आहे. आणि आपल्याकडे या छंदाला सामग्रीची कमी नाही. थंडी पडली की मुंबईच्या उपनगरांत दर दोन स्टेशनांमागे एक मालवणी महोत्सव उभा राहतो. वेसाव्याच्या कोळणी तवे मांडतात. गावोगावच्या बचत गटांच्या बायका पापड-मसाल्यांची पोती घेऊन 'महालक्ष्मी सरस'साठी मुंबईत उतरतात. पुण्यात कृषी महाविद्यालयाच्या मैदानावर 'भीमथडी जत्रा' भरते. भीमाकाठची तट्टं एकेकाळी मराठी फौजेची शान होती. त्या दमदार घोड्यांचं नाव लावलेल्या जत्रेत आज पुणेकर मेथीच्या पिठल्यापासून हुरड्यापर्यंत जी मजल मारतात, तीही काही कमी पल्ल्याची नसते. पुढे मे महिन्यात आंबा महोत्सव, पावसाळ्यात रानभाज्यांचा. मधले दोन-तीन महिने पोट रिकामं राहू नये म्हणून मिसळ महोत्सव.

सरळ कारणासाठी खाण्याच्या जत्रेला जाणारी माणसं नाहीतच असं नाही. गोव्यात पावसाळ्याच्या तोंडावर पुरुमेंताच्या फेस्ताला जातात ती तशी असतात. पावसाळ्यात समुद्र बंद, तेव्हा सुके मासे, मिरच्या, सोलं, चोरिस भरून ठेवायचं. खरेदी करायची, घरी यायचं, डबे भरायचे. त्यात कोणी सेल्फी काढत नाही, कारण आभाळ भरून आलेलं असतं. पण आपल्या शहरातल्या महोत्सवामागे आभाळ नाही, बंद समुद्र नाही. बाराही महिने सगळं मिळतं. तरी माणूस जातो, आणि जाताना आपलं खरं कारण कोणाला कळू देत नाही. पुष्कळदा त्याचं त्यालाही कळलेलं नसतं.

मालवणी महोत्सवातले काका घ्या. वय सत्तरच्या आसपास, पांढरा हाफ शर्ट, चष्मा कपाळावर. नोकरीपासून निवृत्तीपर्यंतचं आयुष्य डोंबिवली नाहीतर भांडुपला गेलेलं, पण जीभ अजून तळकोकणात. ते सोलकढीचा ग्लास घेतात, एक घोट घेतात, ग्लास उजेडासमोर धरतात आणि आजूबाजूच्या चार-पाच जणांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणतात, "ही सोलकढी? नुसता गुलाबी पाणी." मग बांगड्याच्या तिकल्यात तिरफळं मोजतात आणि ती कमी निघतात. वडे तेलकट असतात. नारळ 'आमच्याकडचो' नसतो. घावणे जाड. उसळीत वाटणाचा पत्ता नाही. एवढं सगळं नापास करूनही काका दुसऱ्या ग्लासाचं कुपन काढतात.

हा माणूस खोड्या काढायला आलाय असं पहिल्यांदा वाटतं. तसं नसतं. त्यांचं लक्ष सोलकढीकडे नसतंच. ती देणाऱ्या बाईकडे असतं. ही नापसंती म्हणजे दार ठोठावणं आहे. ती बाईही पक्की असते. ती उत्तर देत नाही, उलट विचारते, "काका, तुम्ही खंयचे?"

झालं. चष्मा कपाळावरून नाकावर येतो.

"मसुऱ्याचो."

"मसुऱ्याक खंय?"

"देऊळवाड्यात."

"अरे देवा! आमची आते थंयच दिलेली मां!"

पुढची दहा मिनिटं त्या स्टॉलवरचा व्यवहार बंद पडतो. मागची रांग कुरकुरते. आते कोणाकडे दिली, ते घर वडाच्या अलीकडे की पलीकडे, त्यांचा मधला मुलगा गिरणीत होता तोच का, विहिरीचा तंटा मिटला की अजून कोर्टात आहे, इतकं सगळं उरकतं. निघताना काका तिला "गावाक येशात तेव्हा घराकडे येवा" असं सांगतात. गावातलं घर बंद असतं, किल्ली चुलतभावाकडे असते आणि चुलतभावाशी बोलणं नसतं, पण आमंत्रण मनापासूनचं असतं. जाता जाता ग्लासात उरलेली सोलकढी एका दमात संपवून काका जाहीर करतात, "तशी बरी आसा." पाऊण तास लोकल, त्यावर रिक्षा, हे सगळं त्या 'खंयचे?'साठी होतं. चाळीस वर्षं मुंबईत त्यांना लोक 'कुठे राहता?' एवढंच विचारत आलेत.

हेच दुखणं पुण्यात विशीतल्या पोरांत दिसतं. विदर्भातून शिकायला आलेला, मेसची पातळ डाळ खाऊन कंटाळलेला मुलगा रोडग्यांच्या स्टॉलपाशी नुसता घुटमळत असतो. आतली मावशी त्याला दोन मिनिटांत ओळखते. "काऊन रे बाबू, कुठचा तू? घे ना अजून एक, लाजतं कायले?" तो तीन रोडगे, वांग्याची भाजी आणि वर तूप एवढं रिचवतो. संध्याकाळी पुन्हा येतो, तेव्हा पोटात जागा नसते. तो तिचा गॅस सिलिंडर बदलून देतो आणि बोलत बसतो.

आता आमच्या सोसायटीतल्या एका वहिनींकडे वळतो. यांना गाव, आठवण असला हळवेपणा नाही. त्या पद्धतशीर माणूस आहेत. त्यांचा महोत्सव म्हणजे चाखणं. मैदानात शिरताना त्या मधला खाद्यविभाग मुळीच बघत नाहीत. तिथे कुपन लागतं. त्या थेट मसाले, चटण्या, लोणची आणि पापडांच्या रांगेला लागतात, जिथे प्रत्येक टेबलावर एक वाटी, एक चमचा आणि 'चव बघा ना ताई' असं म्हणणारी बाई असते.

त्यांची वाट ठरलेली आहे. पहिल्या स्टॉलवर खाखऱ्याचा तुकडा घ्यायचा. तो तिथे खायचा नाही. दुसऱ्या स्टॉलवर त्यावर लसणाची चटणी घ्यायची आणि "ही तिखट आहे का हो?" विचारायचं. तिखट आहे म्हटलं तर "मग कमी तिखट आहे का?" नाही म्हटलं तर "मग जास्त तिखट?" म्हणजे दोन चटण्या होतात. तिसऱ्या ठिकाणी कैरीचं लोणचं, "तेल कुठलं वापरता?" या प्रश्नासकट. मग कुरडईचा तळलेला तुकडा. मग तीन प्रकारचे चिवडे. मग गोडाकडे मोर्चा: आंबापोळी, फणसपोळी, आवळा कँडी, गुळाचा खडा. मध्ये अंगठ्याएवढ्या प्लास्टिकच्या पेल्यातून कोकम सरबत, पुढच्या स्टॉलवर करवंदाचं. शेवटी मुखवास, जवसाचा आणि बडीशेपेचा, दोन्ही, कारण एकावर निर्णय घेता येत नाही. डाव्या बाजूच्या चटणी-कोशिंबिरीपासून उजव्या बाजूच्या पानसुपारीपर्यंत साग्रसंगीत जेवण होतं, आणि हे करताना चेहऱ्यावर भाव असा की आपण ग्राहक पंचायतीकडून तपासणीला आलो आहोत.

बाहेर पडण्यापूर्वी वहिनी एक पोह्याच्या पापडाचं पाकीट विकत घेतात. तेही घासाघीस न करता. "फुकट खाणाऱ्यांतली मी नव्हे," असं त्यांनी मला एकदा सांगितलं आहे, आणि ते सांगताना त्यांच्या दाताच्या फटीत आवळा कँडी होती. स्टॉलवाल्या बायकांनाही हे सगळं माहीत असतं. शनिवार-रविवारी त्या खाखऱ्याचे तुकडे बारीक करतात.

मोबाईलवाल्यांबद्दल इतकं लिहून झालंय की मी थोडक्यात आटपलं असतं, पण मांड्यांच्या स्टॉलसमोर थांबावंच लागतं. खानदेशी मांडा करणं म्हणजे निम्मं पाककौशल्य आणि निम्मी कसरत. पुरण भरलेली पोळी लाटण्यापुरती पोळपाटावर असते, मग ती बाई ती हातांवर घेते आणि या हातावरून त्या हातावर अशी झुलवत मोठी करत जाते. पाहता पाहता पोळी कोपरापर्यंत पोचते. पातळ इतकी की खालचा बांगड्यांचा रंग दिसतो. मग एका झटक्यात ती उपड्या, तापलेल्या खापरावर. हा झटका दीड सेकंदाचा असतो आणि तो टिपण्यासाठी समोर वीस मोबाईल उभे असतात. कोणाचा तरी चुकतोच.

"मावशी, परत करता का? फोकस गेला."

मावशी करतात. आता त्याही सरावल्या आहेत. पोळी हातावर असतानाच "झालं का रे, टाकू का?" विचारून घेतात. व्हिडिओ झाल्यावर पोरं पांगतात. मांडा खापरावर भाजला जातो, घडी होते, पण तो घेणारा कोणी नसतो, कारण विसातल्या एकोणीस जणांना तो बघायचा होता आणि विसाव्याला तूप चालत नाही. तेवढ्यात कोणीतरी आजोबा पुढे होतात आणि मोबाईल काढतात. सगळ्यांना वाटतं, आजोबाही शूटिंग करणार. ते पैसे द्यायला स्कॅनर शोधत असतात.

आजोबांवरून आठवलं. मधुमेह झालेल्या माणसांसाठी महोत्सवाइतकी सुरक्षित जागा नाही. भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरं केलं, आणि तेव्हापासून नाचणी अशी काही वयात आली की विचारू नका. ज्यांनी जन्मभर नाचणीच्या भाकरीला 'काळी' म्हणून नाक मुरडलं ते आता नाचणीचा केक, नाचणीचे मोमो आणि नाचणीचा पिझ्झा रांगेत उभे राहून खातात. आणि लाडू. लाडवात गूळ आणि तूप नाचणीपेक्षा वरचढ असतं, पण पाटीवर नाव नाचणीचं असतं. गृहस्थ तिसरा लाडू उचलतात, बायको गर्दीत दहा पावलं पुढे निघून गेलेली असते. ती वळून बघते तेव्हा त्यांच्या तोंडात लाडू आणि उत्तर दोन्ही तयार असतं: "नाचणीचा आहे, चालतो." घरी साखरेचा डबा कडीकुलुपात असलेल्या माणसाला सार्वजनिक ठिकाणी, शासनमान्य कारणासह, गोड खायला मिळतं. भूक-बिक काही नाही.

विक्रम बघायला जाणाऱ्यांची एक वेगळी जात आहे. 2017 च्या नोव्हेंबरात दिल्लीत संजीव कपूर यांच्या देखरेखीखाली 918 किलो खिचडी शिजली आणि तिची गिनीज बुकात नोंद झाली. घरी खिचडी केली की "आज नुसती खिचडीच?" असं म्हणणारा माणूस असल्या कढईला भेट द्यायला बायकामुलांना घेऊन जातो. खिचडीत बघण्यासारखं काय असतं? पण किलोंचा आकडा चार जागी सांगता येतो.

आता ज्यांच्या पैशावर बरेचसे उपनगरी महोत्सव उभे राहतात, त्यांच्याकडे. मैदानाच्या कमानीवर सुरमई, खेकडा आणि कोळंबी यांची मिळून तीन चित्रं असतात आणि नेत्यांचे चेहरे सतरा. मुंबई महापालिकेची मुदत 2022 च्या मार्चमध्ये संपली आणि पुढे बराच काळ शहराला नगरसेवकच नव्हते. या काळात 'माजी नगरसेवक' आणि 'भावी नगरसेवक' या दोन पदांनी मालवणी संस्कृतीची जी सेवा केली, तिला तोड नाही. उद्घाटनाच्या संध्याकाळी साहेब येतात. त्यांना प्रत्येक स्टॉलवर काहीतरी तोंडात घालावं लागतं. एका स्टॉलवर खाल्लं आणि दुसऱ्यावर नाही, असं झालं तर तो वॉर्ड गेला. कोळीवाड्याचा बोंबील, आगऱ्यांची सुकट, मालवण्यांचे वडे, मग अचानक एक खानदेशी शेवभाजी, वरून तर्री. सातव्या-आठव्या स्टॉलला साहेबांचं हसू गोठतं. पूर्ण मैदानात कर्तव्य म्हणून जेवणारा हा एकमेव माणूस असतो, आणि तो डाएटवर असतो.

साहेब गेल्यावर माइक निवेदकाच्या हाती लागतो. मग रात्री दहापर्यंत लकी ड्रॉ, लावणी, 'कोकणचा आवाज' स्पर्धा आणि मधूनमधून "पांढरी गाडी, पांढरी गाडी, ज्यांची कोणाची असेल त्यांनी ताबडतोब काढावी." कोकणातल्या ज्या जत्रांच्या नावावर हे चाललंय, त्यातली एक आंगणेवाडीच्या भराडी देवीची. तिची तारीख पंचांगात नसते, देवीचा कौल घेऊन ठरते, आणि तिथला प्रसाद आंगणे कुटुंबांतल्या बायका एक शब्दही न बोलता रांधतात. इथे वड्याचं कुपन मागायला ओरडावं लागतं. वड्याऐवजी घावणे हातात पडतात, ते मुकाट्याने खायचे.

मुलांबद्दल फार लिहीत नाही. त्यांना मालवणी महोत्सवात पिळाचा बटाटा हवा असतो, भीमथडीत पिझ्झा आणि आंबा महोत्सवात आइस्क्रीम, तेही चॉकलेटचं. आईवडील त्यांना 'आपली खाद्यसंस्कृती' कळावी म्हणून आणतात. मुलं आईवडिलांसाठी येतात. एकमेकांवर उपकार करत कुटुंब संध्याकाळ काढतं.

राहता राहिल्या टेबलापलीकडच्या. महालक्ष्मी सरसमध्ये तवे-खापरं घेऊन आलेल्या बायकांना मी नेहमी विचारतो, तुम्ही कशासाठी येता? "माल विकायला, आणखी कशाला?" असं सरळ उत्तर मिळतं. अख्ख्या मैदानात मला मिळालेलं हे एकच विश्वासार्ह कारण. पण थोडं थांबलं, एखादं पाकीट जास्तीचं घेतलं, की दुसरंही बाहेर येतं. एका मावशींनी विचारलं, "दादा, समुद्र किती लांब आहे इथून?" सकाळी नवापासून रात्री दहापर्यंत स्टॉल, गल्ल्याजवळ माणूस हवं, मग बघणार कधी? त्यांच्या गटाने तोड काढली होती. रोज पहाटे दोघींनी जायचं, बघून यायचं, आंघोळ करून स्टॉलवर हजर. पहिल्या दिवशी गेलेल्या दोघींनी परत येऊन बाकीच्यांना सांगितलं की समुद्र मोठा आहे पण वास येतो. तरी कोणी आपली पाळी सोडली नाही.

आणि त्या खातात काय? आपण त्यांच्या हातची चुलीवरची भाकरी, ठेचा, शेवभाजी खायला एवढी यातायात करतो. त्या दुपारची गर्दी ओसरली की पोरीला गेटबाहेर पाठवतात आणि वडापाव मागवतात. ठेचा त्यांनी घरी जन्मभर खाल्लाय. "मुंबईत येऊन भाकरी खायची का?" असं मांडेवाल्या मावशींनी मलाच विचारलं, आणि वडापावातली मिरची बाजूला काढून ठेवली. मुंबईची मिरची त्यांना फिकी लागते.

तेव्हा यंदा जाणार असाल तर घरून थोडं खाऊन निघा. शनिवार-रविवार टाळा, जमलं तर मधल्या वारी दुपारी जा. तवा मोकळा असतो आणि बाईला बोलायला सवड असते. कुपनं बेताची काढा, उरलेल्याचे पैसे परत मिळत नाहीत. मांडा करताना बघितलात तर तो विकत घ्या. आणि शेवटच्या दिवशी, सगळं आवरत असताना, "एवढं ओझं परत कशाला नेता, अर्ध्या भावात देऊन टाका" असं सांगायला जाऊ नका. त्या देत नाहीत. पोतं पुन्हा शिवतात, गाडीत घालतात आणि पुढच्या आठवड्यात गावच्या बाजारात पूर्ण भावाने विकतात.